अंगठी, खडा आणि बिडी

शेजारच्या काकांचं वय 74. आयुष्यात बिडी-सिगारेटला हात लावला नाही. छातीच्या सीटीच्या रिपोर्टात ‘श्वासनलिका किंचित रुंदावलेल्या’ एवढं वाचलं आणि घरात सुतकी कळा आली.

सीटीच्या आडव्या कापात श्वासनलिका काळ्या गोलासारखी दिसते. काळा भाग आतल्या हवेचा, भोवतीची करडी कड भिंतीची. तिला खेटून फुप्फुसधमनीचा पांढरा ठिपका असतो. एरवी हा ठिपका नळीपेक्षा थोडा मोठाच. नळी धमनीहून बरीच रुंद झाली की जोडी खड्याच्या अंगठीसारखी दिसते, आणि डॉक्टरांना ‘ब्राँकिएक्टेसिस’चा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याच्या आजाराचा, संशय येतो.

गंमत अशी की नळी आणि धमनीच्या रुंदीचं हे गुणोत्तर फक्त आजारानेच बदलतं असं नाही. निरोगी माणसांच्या एका मोजणीत ते समुद्रसपाटीला सरासरी 0.62 आणि 1600 मीटर उंचीवर 0.76 भरलं. विरळ हवेत धमन्या आकसतात, म्हणजे अंगठी तीच, खडा लहान! वयाबरोबरही ते वाढतं. पासष्टीनंतर ठणठणीत माणसांतही ते बऱ्याचदा 1 च्या पुढे जातं.

धुराची खूण वेगळी. त्याने नळीची भिंत सुजते, श्लेष्मा बनवणाऱ्या ग्रंथी फुगतात आणि आतली वाट अरुंद होते. हवा संथ वाहत असेल तर तिला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या 2 मिलिमीटरवरून 1.6 झाली की विरोध जवळपास अडीचपट! भिंतीची जाडी मोजायला संशोधक ‘पीआय-टेन’ नावाचा आकडा काढतात. आतला परीघ 10 मिलिमीटर असलेली एक नळी कल्पायची आणि तिच्या भिंतीच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ घ्यायचं. अशी नळी रुग्णाच्या छातीत असेलच असं नाही. मोजलेल्या बाकी नळ्यांवरून अंदाज बांधतात. त्यामुळे लहान-मोठ्या फुप्फुसांची तुलना जमते.

‘सात दिवसांत फुप्फुसं धुऊन काढणारा’ काढा व्हॉट्सॲपवर फिरतोय. पोटात गेलेला काढा श्वासनलिकेत उतरत नाही. उतरलाच तर ठसका लागेल.

काकांच्या नळ्यांच्या भिंती पातळ निघाल्या, फुंकण्याची चाचणीही वयाला साजेशी. त्यांचे धाकटे भाऊ मात्र तीस वर्षं बिडी ओढतात आणि ‘माझा सीटी साफ आहे’ असं ऐकवत फिरतात. धुराचं नुकसान सुरू होतं ते 2 मिलिमीटरहून बारीक नळ्यांत, आणि नेहमीच्या सीटीला त्या दिसतच नाहीत.