देवनारला मेंढ्या आणताय? पीपीआर लस, कानातला बिल्ला आणि आरोग्य दाखला

बकरी ईदच्या आधी साताऱ्या-सोलापूरकडून मुंबईतल्या देवनारच्या बाजारात मेंढ्या पाठवणाऱ्यांनी गाडी ठरवायच्या किमान तीन आठवडे आधी कागदांना हात घालावा. याला कारण पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांतली बुळकांडी. विषाणू अंगात शिरल्यावर साधारण ४ ते ६ दिवसांनी ताप चढतो, नाका-डोळ्यांतून पाणी येतं, तोंडात फोड येतात, मग हगवण आणि न्यूमोनिया. गावात ठणठणीत दिसलेली मेंढी बाजारात आजारी पडते ती यामुळेच, आणि तिथं शेजारी दहा गावांची जनावरं असतात. लसीचं संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. आदल्या दिवशी टोचून दाखला मागणं म्हणजे जनावर उघड्यावर सोडणंच.

लस आपल्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मागा. मोहिमेत ती मोफत असते. मात्रा १ मिली, कातडीखाली, आणि कोकरू तीन-चार महिन्यांचं झाल्यावरच. त्याआधी आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लस निकामी करते. मिसळलेली लस बर्फावर ठेवून दोन तासांत संपवायची. उन्हात उघडी राहिलेली बाटली टोचली तर नोंदवहीत लसीकरण दिसेल, कळपात नाही.

कानात १२ अंकी बिल्ला हवाच. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला मनाई आहे. बिल्ल्यांची यादी जनावर समोर धरून, मोठ्याने वाचून लिहा. एक अंक चुकला की दाखला आणि जनावर जुळत नाही, आणि तपासणीत सगळी गाडी अडकते.

आरोग्य दाखल्यासाठी पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जाताना आधार कार्ड, बिल्ल्यांची यादी, लसीकरणाची नोंद, मेंढ्या विकत घेतल्या असतील तर खरेदीची पावती आणि गाडीचा क्रमांक सोबत ठेवा. तपासणी सकाळी, सावलीत करून घ्या. उन्हातून हाकत आणलेल्या मेंढीचं तापमान तापाइतकं वर गेलेलं दिसतं. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांनुसार प्रत्येक खेपेसोबत दाखला लागतो, नसेल तर वाहतूकदाराने माल नाकारायचा असतो. याच नियमांत गाडीत किमान ५ सेंमी पेंढा, मेंढ्या-शेळ्या वेगळ्या आणि नर-माद्या वेगळ्या, हेही आहे.

कळपात एकही संशयित जनावर असेल तर दाखला मागूच नका. २००९ च्या पशुरोग कायद्यानुसार ते कळवणं मालकाचं कर्तव्य आहे. आजारी जनावर वेगळं बांधा, पाण्याचं भांडं वेगळं करा आणि १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा.

देवनारहून न विकलेल्या मेंढ्या परत आल्या तर त्या थेट कळपात सोडू नका. या रोगाचा अधिशयन काळ, म्हणजे विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, जास्तीत जास्त २१ दिवस धरतात, तेवढे दिवस त्यांचा वाडा, चारा आणि पाणी वेगळं ठेवा.