रचनाकार आणि हार्मनीचा तास

आजच्या पाश्चात्त्य शास्त्रीय रचनाकाराचा परिचय वाचायला घ्या. सिंफनी, क्वार्टेट, पुरस्कार यांच्या पाठोपाठ बहुतेक वेळा एक ओळ येतेच: अमुक ठिकाणी म्युझिक थिअरी, म्हणजे संगीताचं व्याकरण, शिकवतात. हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांची जुळणी, हा त्यातलाच एक विषय. ही ओळ पोटापाण्याची म्हणून आपण वाचून पुढे जातो. मला ती तेवढी किरकोळ वाटत नाही.

अठराव्या शतकात रचनाकाराला पगार मिळायचा तो चर्चचा किंवा दरबाराचा. शिकवण्या घरी चालत. व्हिएन्नाच्या दरबारातला रचनाकार फुक्स याने १७२५ साली गुरु-शिष्याच्या संवादातून काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटी एकमेकींत गुंफणं) शिकवणारं लॅटिन पुस्तक काढलं. दिलेल्या सुरावटीसमोर आधी सुराला एक सूर लिहायचा, मग दोन, मग चार. दोन ओळी पंचमाच्या अंतराने समांतर चालू द्यायच्या नाहीत. हायडन या पुस्तकावर स्वतःच शिकला आणि बेथोव्हनलाही त्याने तेच धडे गिरवायला लावले. शूबर्टने तर नोव्हेंबर १८२८ मध्ये, डोक्यात अख्खं संगीत तयार असताना, सेख्टर या शिक्षकाकडे काउंटरपॉइंटची शिकवणी लावली. एकच तास झाला. पंधरा दिवसांत शूबर्ट वारला.

शिकवणं ही नोकरी झाली ती संगीतशाळांमुळे. पॅरिसची १७९५ साली निघाली, लाइपझिगची १८४३, सेंट पीटर्सबर्गची १८६२. या शेवटच्या शाळेत १८७१ साली घडलेली गोष्ट मला फार जवळची वाटते. नौदलातला सत्तावीस वर्षांचा अधिकारी रिम्स्की-कोर्साकोव्ह तिथे प्राध्यापक झाला. त्याच्या नावावर सिंफनी होती, पण काउंटरपॉइंटचा एक धडाही त्याने कधी लिहिला नव्हता, आणि साध्या कोरालला (चर्चमधल्या सामूहिक भजनाला) हार्मनी देणंही त्याला जमत नव्हतं. आठवणींमध्ये त्याने हे सगळं स्वच्छ कबूल केलंय. वर्गाच्या एक पाऊल पुढे राहायचं म्हणून तो घरी बसून धडे सोडवत राहिला, फ्यूगमागून फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत पाठोपाठ येणारी रचना) लिहीत राहिला. पुढे त्याने हार्मनीचं पाठ्यपुस्तक लिहिलं, आणि स्ट्राविन्स्की त्याच्याच हाताखाली तयार झाला.

सगळ्यांनाच हे मानवलं नाही. रचनाकार चायकोव्हस्की १८६६ पासून मॉस्कोत हार्मनी शिकवत होता. फॉन मेक या श्रीमंत चाहत्या बाईंची वार्षिक मदत सुरू झाल्यावर १८७८ मध्ये त्याने नोकरी सोडली.

रचनाकार शॉनबर्गने मात्र १९११ च्या हार्मनीवरच्या ग्रंथाची सुरुवातच मुळी हे पुस्तक आपण विद्यार्थ्यांकडून शिकलो, अशा कबुलीने केली. १९३३ साली नाझींनी बर्लिनमधलं त्याचं पद काढून घेतलं. तो अमेरिकेत गेला आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सत्तराव्या वर्षापर्यंत शिकवत राहिला. रचनाकाराची जागा विद्यापीठात, ही अमेरिकेतली रीत त्या पिढीत घट्ट झाली. प्रिन्स्टन विद्यापीठात रचनाकार मिल्टन बॅबिट यांनी ती आणखी पुढे नेली.

फ्रान्समध्ये रचनाकार मेसियाँ युद्धकैदेतून सुटून आला आणि १९४१ पासून पॅरिसच्या संगीतशाळेत हार्मनी शिकवू लागला. काही वर्षांनी झेनाकिस नावाचा होतकरू रचनाकार त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. वय तिशीकडे झुकलेलं, शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी वास्तुरचनाकार ल कोर्ब्युझिएच्या कचेरीत. हार्मनी, काउंटरपॉइंट पहिल्यापासून शिकू का, असं त्याने विचारलं. मेसियाँने त्याचं काम पाहिलं आणि नको म्हणून सांगितलं: तुला गणित येतं, वास्तुरचना येते, त्यातूनच संगीत कर.