शिळामुद्रण

सपाट दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने काढलेले चित्र अथवा मजकूर कागदावर छापण्याची पद्धत. हिलाच शिळाछाप किंवा लिथोग्राफी असेही म्हणतात. लाकडी ठशात नको असलेला भाग कोरून काढतात, तांब्याच्या पत्र्यावर रेषाच खोल कोरतात. इथे दगडावर टवकासुद्धा काढायचा नसतो. तेल आणि पाणी यांचे जमत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळा कारभार चालतो. म्यूनिकचा नाटककार आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ ते १७९८ या काळात ही युक्ती शोधली. आपली नाटके स्वस्तात छापून निघावीत, एवढीच त्याची निकड होती.

दगड म्हणजे बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा बारीक पोताचा चुनखडक. दोन दगडांमध्ये पाणी आणि वाळू किंवा कार्बोरंडमची पूड घालून ते एकमेकांवर घासतात. त्याने आधीचे चित्र निघते आणि खडूला पकड देणारी बारीक रवाळ कांती येते. या कंटाळवाण्या घासकामात घाई केली, तर पुढे चित्रातल्या छटा बिघडतात. खडू मेण, साबण, चरबी आणि काजळीचा असतो. दगडाला हात लावायची सोय नाही, कारण बोटाचा तेलकट ठसाही छापात उमटतो. रेखाटनानंतर नत्राम्लाचे थोडे थेंब घातलेले डिंकाचे पाणी फिरवतात. मोकळ्या जागी डिंकाचा पातळ थर बसतो आणि तो ओल धरून ठेवतो. मग टर्पेंटाइनने खडू पुसून टाकतात. चित्र जवळजवळ नाहीसे होते, नवशिक्याच्या पोटात गोळा येतो. पण तेलकटपणा दगडाने केव्हाच धरलेला असतो. ओला स्पंज फिरवून शाईचा रूळ चालवला, की शाई फक्त रेखाटनावर चढते.

छाप उलटा येतो. लिहिणाऱ्यासाठी यावर खळ लावलेल्या कागदाचा तोडगा निघाला: त्यावर सुलट लिहून तो दगडावर दाबला, की अक्षरे उलटी उतरतात. देवनागरीच्या जोडाक्षरांसाठी शेकडो खिळे (धातूचे अक्षरठसे) पाडावे लागत, इथे वळणदार अक्षराचा एक लेखनिक पुरे. मराठी मुद्रणाला ही वाट मोठी सोयीची ठरली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले, ते शिळाछापावरच.

रंगीत कामात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि सगळे छाप एकमेकांवर नेमके बसावे लागतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना याच कामासाठी प्रसिद्ध झाला. घराघरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी त्याच परंपरेतल्या.

आजची ऑफसेट छपाई याच तत्त्वावर, पण धातूच्या पत्र्याने चालते. जुनी तसबीर ओळखायची असेल तर भिंग घ्यावे. ऑफसेटचे ठिपके सहसा शिस्तीत, रांगेत असतात. दगडावर हाताने काढलेले वेडेवाकडे, कमीजास्त दाट पडलेले दिसतात.