साखरेचे सहा कार्बन

मध जास्त तापवला किंवा साखरेचा कॅरॅमल करायला घेतला की त्यात एक रेणू तयार होतो: हायड्रॉक्सीमिथिलफुरफुरल. नाव तोंडात बसत नाही, म्हणून एचएमएफ म्हणू. मधाच्या तपासणीत हा जास्त सापडला, तर मध तापवलाय किंवा फार जुना आहे असं समजतात. हाच रेणू आता बाटल्या बनवायला हवा आहे.

पाण्याची बाटली आणि पॉलिएस्टरची साडी एकाच पदार्थाची, पीईटीची. एथिलीन ग्लायकॉल आणि टेरेफ्थॅलिक आम्ल एकाआड एक ओवलेली माळ; दोन्ही मणी खनिज तेलातले. त्यातलं ग्लायकॉल मळीच्या अल्कोहोलपासूनही होतं. २००९मध्ये आलेली कोका-कोलाची ‘प्लांटबॉटल’ अशीच, ३० टक्क्यांपर्यंत वनस्पतिजन्य. पण हे वजनाने हं! कार्बन मोजलेत तर दहातले दोनच झाडाचे.

उरलेल्या आठांचं, म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्लाचं, घोडं त्यातल्या बेंझिनच्या, सहा कार्बनांच्या कड्यापाशी अडतं. साखरेत ऑक्सिजन ठासून भरलेला, बेंझिनच्या कड्यात तो नावालाही नाही. तो सगळा उपसून काढायचा म्हणजे खर्च आला. साखरेकडून तेलाची नक्कल करून घ्यायचा हा अट्टहास मला तरी उलटा वाटतो.

त्यापेक्षा फ्रुक्टोजमधून पाण्याचे तीन रेणू काढा, एचएमएफ मिळेल. त्याचं ऑक्सिडीकरण केलं की एफडीसीए हे आम्ल मिळतं. सहाच्या सहा कार्बन शाबूत! त्याची ग्लायकॉलशी माळ ओवली की पीईटीसारखंच एक प्लास्टिक, पीईएफ, तयार.

एफडीसीए १८७६पासून माहीत आहे. पण एचएमएफ भारी नाजूक. आम्लधर्मी पाण्यात ते टिकत नाही, बराचसा माल काळ्या गाळात जातो; पाक करपावा तसा. अव्हँटियम या डच कंपनीने पाण्याऐवजी मिथेनॉल वापरलं. त्यामुळे रेणूच्या टोकाला जणू टोपण बसतं आणि तो पुढच्या पायरीपर्यंत तग धरतो.

पीईएफमधलं फ्युरानचं, म्हणजे चार कार्बन आणि एका ऑक्सिजनचं, कडं बेंझिनसारखं सहज गिरकी घेत नाही, त्यामुळे वायूंना वाट मिळत नाही. ऑक्सिजन पीईटीच्या साधारण दहावा हिस्साच आत शिरतो. मात्र झाडापासून आलं म्हणून ते मातीत पटकन कुजेल, असं नाही. वापरून झालं की गोळा करून पुन्हा वितळवावंच लागतं.

अव्हँटियमच्या नेदरलँड्समधल्या डेल्फझाइलच्या कारखान्याचं २०२४मध्ये उद्घाटन झालं. क्षमता वर्षाला ५,००० टन एफडीसीए. पीईटी जगात कोट्यवधी टन खपतं. म्हणून सध्या पातळ थरावर भागवणं चाललंय. २०२२मध्ये कार्ल्सबर्गने लाकडाच्या तंतूंच्या ८,००० बाटल्यांतून बिअर चाखायला दिली, तेव्हा आतलं अस्तर पीईएफचं होतं.