गोठ्यापर्यंत पोचणारा माणूस

सप्टेंबर १९९८. मलेशियातल्या इपोह शहराच्या आसपास डुकरं पाळणारी माणसं आजारी पडू लागली. ताप, डोकेदुखी, मग गुंगी, मग मेंदूला सूज. डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर तिथे ओळखीचा होता, त्यामुळे निदानही तेच झालं. धूरफवारणी झाली, लशी टोचल्या गेल्या. तरी माणसं दगावतच राहिली.

खटकावं असं बरंच काही समोर होतं. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने लहान मुलांना गाठतो, इथे मात्र धडधाकट पुरुष आजारी पडत होते आणि त्यांतल्या काहींनी लस घेतलेली होती. डास काही घर बघून चावत नाही, पण आजार होत होता तो डुकरांमध्ये वावरणाऱ्यांनाच. शिवाय डुकरंही आजारी होती. त्यांना लांबवर ऐकू जाईल असा जोरदार खोकला होता, आणि मोठी डुकरं जपानी मेंदूज्वराने अशी खोकत नाहीत. अखेर मार्च १९९९ मध्ये डॉ. काव बिंग चुआ यांनी एका रुग्णाच्या नमुन्यातून नवा विषाणू वेगळा केला. तोच निपाह. तोवर डुकरांच्या खरेदी-विक्रीतून रोग दुसऱ्या राज्यात आणि पुढे थेट सिंगापूरच्या कत्तलखान्यापर्यंत गेला होता. मलेशियात शंभराहून जास्त माणसं गेली आणि सुमारे १० लाख डुकरं मारावी लागली.

माणसांना होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी जवळपास ६० टक्के रोग प्राण्यांकडून येऊ शकतात. तरीही बहुतेक गरीब देशांत जनावरांचा दवाखाना ही सरकारी अंदाजपत्रकातली सगळ्यात शेवटची ओळ असते. हा मला केवळ शेतकऱ्यावरचा अन्याय वाटत नाही, माणसांच्या आरोग्याच्या दृष्टीनेही तो महागात पडणारा निर्णय आहे.

पूर्व आफ्रिकेतला रिफ्ट व्हॅली ताप बघा. हा विषाणू काही जातींच्या डासांच्या अंड्यांत वर्षानुवर्षं कोरड्या मातीत पडून राहू शकतो. अतिवृष्टी झाली, खोलगट माळावर पाणी साचलं, की अंडी फुटतात आणि डासांचे थवे उठतात. मग मेंढ्या-शेळ्या एकामागून एक गाभडतात आणि कोकरं पटापट मरतात. त्या मेलेल्या गर्भांना, वारेला किंवा कापलेल्या आजारी जनावराच्या रक्ताला हात लागला की माणूस आजारी पडतो. २००६-०७ मध्ये केनिया आणि टांझानियात मोठी साथ आली. नंतर पशुपालकांशी बोलून साथीचा घटनाक्रम जुळवला गेला, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. अवेळी जोराचा पाऊस, डासांचा सुळसुळाट, गाभडणाऱ्या मेंढ्या हे सगळं पशुपालकांनी क्रमाने पाहिलं होतं. पहिलं आजारी जनावर आणि पहिला आजारी माणूस यांच्यात साधारण अडीच आठवड्यांचं अंतर होतं. सरकारी पशुवैद्यकीय मदत पोचायला त्याहून जास्त वेळ लागला. म्हणजे इशारा मिळाला होता, तो ऐकून हालचाल करणारं माणूस जवळपास नव्हतं.

असं माणूस जवळ असलं तर काय होतं, याचं उदाहरण बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या रोगाने घालून दिलं आहे. बुळकांडी माणसाला होत नसे, पण गुरं मारून माणसांना उपाशी ठेवत असे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ती पूर्व आफ्रिकेत शिरली आणि कळपच्या कळप संपले. नांगराला बैल उरले नाहीत. त्यानंतरच्या दुष्काळात इथिओपियाची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या गेली असा अंदाज आहे. १९६० च्या सुमारास केनियातल्या मुगुगा इथे वॉल्टर प्लोराइट यांनी उत्तम लस तयार केली. एका टोचणीत जनावराला दीर्घकाळ संरक्षण मिळू लागलं. तिच्या जोरावर १९६२ ते १९७६ या काळात आफ्रिकेत मोठी मोहीम झाली आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. मोहीम थांबली, पाळत ढिली पडली, आणि १९८० च्या दशकात बुळकांडी परत फोफावली. रोग शिल्लक होता तो रस्ते नसलेल्या, वीज नसलेल्या, लढाया चाललेल्या भागांत. लस मात्र बर्फातच टिकत असे. सरकारी पथकाची गाडी जाईल तिथपर्यंतच टोचणी, त्यापुढचे कळप तसेच.

कोंडी फुटली ती दोन गोष्टींनी. जेफ्री मॅरिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच लस वाळवण्याची पद्धत सुधारली, त्यामुळे ती फ्रीजविना साधारण महिनाभर उन्हाळ्यातही टिकू लागली. ती पाठीवरच्या पिशवीत घालून पायी नेता येत होती. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ती टोचण्याचं काम पशुपालकांमधूनच निवडलेल्या माणसांना शिकवलं गेलं. निवड त्यांच्या समाजानेच केली. यांतल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती, पण डोळ्यांतून पाणी, हिरड्यांवर फोड आणि घाण वासाची हगवण एकत्र दिसली की हा कोणता रोग हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. इथिओपियाच्या अफार भागात आणि युद्धात होरपळणाऱ्या दक्षिण सुदानमध्ये लसीकरण झालेल्या गुरांची संख्या त्यानंतर कित्येक पटींनी वाढली. रोग कुठे दडला आहे हे शोधतानाही शास्त्रज्ञ याच लोकांच्या आठवणी आणि रोगांची त्यांच्या बोलीतली नावं लिहून घेत होते. शेवटची नोंद २००१ मध्ये केनियातल्या रानम्हशींमध्ये झाली, आणि २०११ मध्ये बुळकांडीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग.

दुर्दैवाने १९८० आणि १९९० च्या दशकांत अनेक देशांनी कर्जाच्या अटींपायी सरकारी पशुवैद्यकीय सेवा कापली. खाजगी डॉक्टर ती जागा भरतील अशी अपेक्षा होती. डॉक्टर शहरांजवळ, दूध आणि कोंबड्यांच्या धंद्याभोवती राहिले, ते साहजिकच होतं. चार शेळ्या असलेल्या बाईच्या दारी जाऊन त्यांचं पोट कसं भरणार?

खर्च कुणी करायचा हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, घ्या. गाय किंवा शेळी गाभडते, दूध घटतं. न तापवलेल्या दुधातून किंवा वार काढताना हा जिवाणू माणसात येतो. मग येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, महिनोन्‌महिने दुखणारे सांधे. हिवताप किंवा टायफॉइड समजून रुग्णावर भलतेच उपचार होत राहतात. खरं निदान झालं तरी किमान सहा आठवडे दोन औषधं एकत्र घ्यावी लागतात. माणसासाठी वापरात असलेली लस नाही, जनावरांसाठी आहे. मंगोलियात १९९० नंतर जुनी पशुवैद्यकीय व्यवस्था कोलमडली आणि हा रोग माणसांत वाढला. तिथल्या सामूहिक लसीकरणाचा हिशेब २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. गुंतवलेल्या पैशाच्या तिपटीहून जास्त फायदा, पण त्यातला आरोग्यखात्याच्या तिजोरीत वाचणारा वाटा लहानसा. बाकीचा फायदा पशुपालकाच्या दुधा-मांसात, कुटुंबाच्या वाचलेल्या औषधपाण्यात आणि न बुडलेल्या मजुरीत. म्हणून आरोग्यखातं म्हणतं हे काम पशुसंवर्धनाचं, आणि पशुसंवर्धन खातं म्हणतं आमच्याकडे पैसा नाही. फायदा होईल त्या प्रमाणात प्रत्येकाने वाटा उचलला तर हाच कार्यक्रम प्रत्येकाला परवडतो.

रेबीजच्या बाबतीत तर असलं दुर्लक्ष मला असह्य वाटतं. जगात दर वर्षी अंदाजे ५९ हजार माणसं रेबीजने मरतात, जवळजवळ सगळी कुत्र्याच्या चाव्यामुळे, आणि त्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं. लक्षणं दिसली की इलाज संपला. माणसाला चावल्यानंतर द्यायच्या लशी आणि सीरम महाग. कुत्र्याची लस त्या मानाने अगदीच स्वस्त. एका भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर नवी पिल्लं जन्मली आणि लस दिलेली काही कुत्री मेली तरी पुढच्या फेरीपर्यंत साखळी तुटलेलीच राहते. हे नुसतं कागदावर नाही. मेक्सिकोने वर्षानुवर्षं मोफत कुत्री टोचली, आणि कुत्र्यांमार्फत पसरणाऱ्या माणसांतल्या रेबीजपासून मुक्त झालेला पहिला देश म्हणून २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. टांझानियातल्या प्रयोगात तर वापरातली एक लस २५ अंश सेल्सिअसला सहा महिने ठेवल्यानंतरही कुत्र्यांमध्ये तितकीच प्रतिकारशक्ती निर्माण करत होती. फ्रीज नसलेल्या गावातही साठा ठेवता येईल, हा त्याचा थेट अर्थ.

गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांवर पशुवैद्यकांचा आक्षेप असतो, आणि तो पूर्ण चुकीचा नाही. अर्धवट मात्रेत प्रतिजैविकं टोचली तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, दुधात औषधाचे अंश उतरतात, बनावट औषधांचा बाजार वाढतो. मात्र यावर बंदी हा उपाय नाही. बंदीने कार्यकर्ता जातो आणि औषधविक्रेता उरतो. कार्यकर्ता पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली हवा, त्याची नोंदणी हवी, औषधांची यादी ठरलेली हवी, आणि त्याला त्यातून मिळकत हवी. त्याने पाठवलेल्या नमुन्याचा निकालही परत त्याच्यापर्यंत यायला हवा, नाहीतर तो दुसरा नमुना पाठवणार नाही. पशुपालकाचंही तसंच. रोग कळवला की कळप मारला जाणार आणि भरपाई मिळणार नाही असं दिसलं, तर तो आजारी जनावर आदल्या रात्रीच बाजारात विकतो.

चाडमध्ये भटक्या पशुपालकांची पाहणी झाली तेव्हा त्यांच्या गुरांना लस मिळालेली होती आणि पूर्ण लसीकरण झालेलं एकही मूल सापडलं नाही. पशुवैद्यक वाळवंटाच्या कडेपर्यंत जात होते, आरोग्यसेवा जात नव्हती. मग दोन्ही खात्यांनी एकत्र फेऱ्या सुरू केल्या. गाडी एक, शीतपेटी एक, दिवसही तोच, आणि गुरांसोबत बायका-मुलांनाही टोचणी मिळू लागली.