द सायलेंट चाइल्ड (लघुपट)

क्रिस ओव्हरटन दिग्दर्शित सुमारे २० मिनिटांचा ब्रिटिश लघुपट (२०१७). पटकथा रेचल शेंटन यांची. समाजसेविका जोआनची भूमिकाही त्यांचीच. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील सुखवस्तू घरातली चार वर्षांची लिबी कर्णबधिर आहे. जोआन तिला ब्रिटिश सांकेतिक भाषा शिकवते आणि पोर खुलते. आईला मात्र मुलीने ओठ वाचावेत, बोलावे असे वाटते. ती खुणांचे शिक्षण थांबवून लिबीला सर्वसामान्य शाळेत घालते.

कथानक एवढेच. लक्ष द्यावे ते मांडणीकडे. बोलपटात कॅमेरा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर नेला तरी बोलणाऱ्याचा आवाज चालूच राहतो. खुणांना ही सोय नाही. हात चौकटीबाहेर गेले की वाक्यच गेले. ब्रिटिश बोटलिपी, म्हणजे बोटांनी अक्षरे दाखवण्याची रीत, दोन्ही हातांची असल्याने खांद्यामागून घेतलेल्या दृश्यात एक हात झाकला तरी अक्षर लागत नाही, आणि खुणेच्या मध्येच कात्री चालली तर शब्द तुटतो. अशा संवादाला क्लोजअपपेक्षा कंबरेपासून वरचे, जरा जास्त वेळ टिकणारे दृश्य मानवते. जोआन व लिबी एका चौकटीत आल्या की शिकवणे आणि उमगणे एकदमच दिसते.

घरच्या प्रसंगांत बोलपटाची तीच सोय उलटी वापरली आहे. मोठी माणसे लिबीच्या डोक्यावरून बोलत राहतात. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर असताना बोलणे आपल्याला ऐकू येते, तिला नाही. बहिरेपण दाखवायला आवाज पाण्याखालून आल्यासारखा दबका करण्याची रूढ युक्ती याच्यापुढे फिकी पडते. मुळात ती ऐकू येणाऱ्यांची कल्पना. ज्याने आवाज कधी ऐकलाच नाही त्याला तो दबका कसा वाटणार?

लिबीची भूमिका मेझी स्लाय या कर्णबधिर मुलीने केली. शेंटन बारा वर्षांच्या असताना केमोथेरपीमुळे त्यांच्या वडिलांची श्रवणशक्ती गेली होती. ४ मार्च २०१८ रोजी लघुपटाला ऑस्कर मिळाले, तेव्हा मेझीला दिलेल्या शब्दाप्रमाणे शेंटन यांनी भाषण खुणांसह केले.

शेवटच्या प्रसंगात लिबी शाळेच्या मैदानात एकटी आहे आणि जोआन कुंपणाबाहेर. एवढ्या अंतरावरून, मुलांच्या गलक्यात, बोलणे पोचले नसते, खुणा पोचतात. त्यानंतर पडद्यावर कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाविषयीच्या पाट्या येतात. प्रबोधनाचा हेतू उघड असल्याने त्या खटकू नयेत, पण कुंपणाने ते आधीच सांगून झालेले असते.