रिमोट मशीनमधील यूएसबी : अडते ते वेगाने नव्हे, विलंबाने

कार्यालय सदाशिव पेठेत, तेथील सर्व्हरवर चालणारे व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक), आणि वाकडच्या घरातून रिमोट डेस्कटॉपने त्यात काम करणारा करसल्लागार, हे दृश्य पुण्यात आता नवे नाही. विवरणपत्रांच्या दिवसांत डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (पेन ड्राइव्हसारखे यूएसबी उपकरण) ‘दिसत नाही’ अशी तक्रार आली की इंटरनेटचे मोठे पॅकेज घ्यावे, असा सल्ला हमखास मिळतो. यूएसबी म्हणजे नुसती तार, हा समज त्यामागे आहे.

यूएसबीवर बोलण्याचा पुढाकार नेहमी संगणकातील होस्ट कंट्रोलरकडे, म्हणजे यूएसबीचा कारभार पाहणाऱ्या भागाकडे असतो. वर्गात हजेरी घेताना नाव पुकारल्याखेरीज विद्यार्थ्याने बोलायचे नसते, तसेच हे आहे: माऊसची कळ दाबली गेली तरी होस्ट विचारीपर्यंत माऊस गप्प राहतो. जुन्या १२ मेगाबिट वेगाच्या उपकरणांसाठी या विचारपुशीचा काळ १ मिलिसेकंदाच्या चौकटींत मोजला जातो. २००० साली आलेल्या यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिट वेगाला तीच चौकट १२५ मायक्रोसेकंदांची होते. प्रश्नाचे उत्तर सुरू होण्यास तर काही मायक्रोसेकंदांचीच मुभा असते, आणि वाकडहून पेठेत जाऊन परतणाऱ्या संदेशाला अनेक मिलिसेकंद लागतात. म्हणून मूळ संकेत नेटवर्कवरून पाठवलेच जात नाहीत. उपकरण ज्या संगणकाला जोडले आहे तोच खरी विचारपूस करतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक आभासी होस्ट कंट्रोलर उभा केला जातो, आणि दोघांमध्ये केवळ ‘इतकी माहिती आण’ अशा विनंत्या व त्यांची उत्तरे ये-जा करतात. लिनक्समधील यूएसबी/आयपी ही सोय अशीच चालते.

या तडजोडीची किंमत पेन ड्राइव्हवर स्पष्ट दिसते. प्रचलित पद्धतीत प्रत्येक वाचनाला ३१ बाइटांची आज्ञा, नंतर माहिती, शेवटी १३ बाइटांची पोच असे तीन टप्पे असतात आणि आधीचा पुरा झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. जाण्यायेण्यास ४० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर एका वाचनास १२० मिलिसेकंद गेले. एका वेळी ६४ किलोबाइट मिळाले तर सेकंदाला जेमतेम ५३० किलोबाइट हाती येतात. जोडणी १०० मेगाबिटची असो वा ५०० ची, हा हिशेब फारसा हलत नाही. वेबकॅमचे आणखी अवघड, कारण त्याच्या समयबद्ध प्रवाहात चुकलेला तुकडा पुन्हा मागण्याची सोयच नाही.

उपकरण अजिबात दिसत नसेल तर ते या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी पाहावे, कारण एका वेळी एकच कार्यप्रणाली त्याची मालक असू शकते. व्हर्च्युअल मशीनचा यूएसबी फिल्टर सहसा निर्माता आणि उत्पादन यांच्या दोन क्रमांकांवरून उपकरण ओळखतो. मोबाइलसारखे उपकरण फर्मवेअर (त्याच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) बदलताना वेगळ्याच क्रमांकांनिशी पुन्हा प्रकट होऊ शकते. फिल्टरला ते अनोळखी वाटते आणि मूळ सर्व्हर ते स्वतःकडे ठेवून घेतो. काढून दुसऱ्या पोर्टात लावल्यावर ‘चालू लागले’ यातही पोर्टाचा गुण क्वचितच असतो. ओळख-प्रक्रिया नव्याने झाली, एवढेच. खंडेनवमीला सर्व्हरची पूजा जरूर करावी, पण ‘यूएसबी बूस्टर’ नावाची सॉफ्टवेअर मात्र विकत घेऊ नयेत.

स्वाक्षरीच्या टोकनाचा घोटाळा बहुधा याहून निराळा असतो. विंडोज अशा टोकनाला स्मार्टकार्ड (चिप असलेले ओळखकार्ड) मानते, आणि रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात स्मार्टकार्डविषयीच्या विनंत्या वापरकर्त्याच्या संगणकाकडे वळवते. त्यामुळे पेठेतील सर्व्हरला लावलेले आणि व्हर्च्युअल मशीनला रीतसर जोडलेले टोकन डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसते, परंतु स्वाक्षरी करणाऱ्या प्रोग्रामला सापडत नाही. ते वाकडच्या लॅपटॉपला लावावे, रिमोट डेस्कटॉपच्या ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये स्मार्टकार्डाची खूण करावी आणि टोकनाचे ड्रायव्हर दोन्हीकडे बसवावेत. पेन ड्राइव्हही यूएसबी म्हणून पाठवण्यापेक्षा त्याच यादीतून ड्राइव्ह म्हणून सामायिक केलेला बरा.